तो रडला नाही, म्हणून?

पत्राचा सारांश: वाचक चाळिशीला टेकलेल्या, लग्नाला बारा वर्षं झालेली. गेल्या महिन्यात नवऱ्यासोबत त्यांनी एक चित्रपट पाहिला. म्हातारा बाप, त्याची हळूहळू पुसली जाणारी स्मृती आणि त्याला सांभाळणारा मुलगा, अशी गोष्ट. शेवटच्या अर्ध्या तासात या हमसून हमसून रडल्या. शेजारी नवरा ढिम्म. गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला, "उत्तरार्धात एडिटिंग ढिलं आहे. पंधरा मिनिटं सहज कापता आली असती." नवऱ्याचे वडील गेल्या वर्षी वारले. त्याआधी ते बरेच महिने अंथरुणाला खिळून होते. तेव्हाही तो रडलेला यांनी पाहिला नाही. "असला पिक्चर बघून ज्याला काही होत नाही, त्याला उद्या माझ्यासाठी तरी काही वाटेल का?" असं त्या विचारतात. सासऱ्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी दीर आणि नणंद घरी येणार आहेत. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून हाच चित्रपट पाहावा, म्हणजे भावंडांत तरी तो मोकळा होईल, असा त्यांचा बेत आहे. दिराला त्यांनी तसं सांगूनही ठेवलंय. पत्राच्या शेवटी एक ओझरतं वाक्य आहे: "थिएटरमधून बाहेर पडल्यावर मी आईला फोन लावला, पण तिने उचलायच्या आत कट केला."

उत्तर:

चित्रपटाचं नाव तुम्ही कळवलंय, पण ते मी इथे मुद्दाम देत नाही. दिलं तर निम्मे वाचक तो चांगला की नुसता रडका यावरच वाद घालत बसतील.

बेताचं आधी सांगते, कारण त्याला तारीख चिकटलेली आहे. तो रद्द करा. का, ते पुढे येईल.

आता नवऱ्याबद्दल. तुमच्या पत्रात त्यांच्याविषयी तीनच गोष्टी आहेत. वडील गेले तेव्हा ते रडले नाहीत, चित्रपट बघताना रडले नाहीत, आणि नंतर एडिटिंगवर बोलले. एवढ्या तीन गोष्टींवर तुम्ही बारा वर्षांचा निकाल लावताय. सासरे अंथरुणावर होते त्या महिन्यांत त्यांचं कोण करत होतं? रात्री हाक आली की कोण उठायचं? डॉक्टरांशी कोण बोलायचं, औषधांच्या वेळा कोणाच्या डोक्यात असायच्या? यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मीही गृहीत धरत नाही. कदाचित हे सगळं तुम्हीच केलं असेल, आणि तसं असेल तर तुमच्या रागाचं मूळ चित्रपटात नाही, तिथे आहे. मग त्याबद्दल बोलायला हवं. पण जर ते उठत होते, तर ज्या माणसाने पडद्यावरची गोष्ट घरात जगून काढली आहे, त्याला ती पडद्यावर पुन्हा बघताना काय होत असेल, याचा विचार करा.

अंधारात तुम्ही त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंत आणि तिथे काहीच दिसलं नाही, म्हणजे आत काही नाही, असं तुम्ही धरलंत. चित्रपट ज्या तत्त्वावर चालतो त्याचाच हा अनुभव तुम्ही घेतलात, फक्त उलट्या दिशेने. 1920च्या आसपास रशियात लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एक प्रयोग केल्याचं सांगतात. मोझुखिन नावाच्या नटाचा एक निर्विकार चेहरा घेतला. एकदा त्याला सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक सुंदर स्त्री. चेहरा तिन्ही वेळा तोच, त्यात तसूभर बदल नाही. प्रेक्षक मात्र नटाची वाहवा करत राहिले: काय भुकेचा अभिनय केलाय, काय दुःख दाखवलंय, काय अभिलाषा! नटाने काहीच दाखवलं नव्हतं, जे होतं ते बघणाऱ्यांनी भरलं होतं. तेव्हापासून चित्रपटकलेच्या वर्गात कुलेशोव्हचं नाव निघतंच. तुम्ही त्या हॉलमध्ये एक दृश्य पडद्यावर पाहत होता आणि एक बाजूच्या खुर्चीवर. बाजूच्या निर्विकार चेहऱ्याला तुम्ही तुमच्या मनात आधीपासून असलेली भीती जोडलीत. ही भीती खरी आहे, तिचा आपण विचार करूच. पण ती चेहऱ्यावर लिहिलेली नव्हती.

आणि चेहरा गप्प असला म्हणजे शरीर गप्प असतं, असंही नाही. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 180 तरुणींना चित्रपटांचे तुकडे दाखवले, त्यात एक दुःखद होता. काही जणींना सांगितलं होतं की जे वाटेल ते चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. त्यांनी ते बऱ्यापैकी साधलं. पण त्यांना वाटणारं दुःख कमी झालं नाही, आणि हृदय व रक्ताभिसरणावरचा ताण तर न लपवणाऱ्यांपेक्षा वाढला. (त्या सगळ्या स्त्रिया होत्या, हे जाता जाता लक्षात घ्या. "पुरुषच दाबून ठेवतात" हे आपण फार सहज बोलून जातो.) तुमच्या नवऱ्याने दाबलंच असेल, असा माझा दावा नाही. एवढंच की, बाजूच्या खुर्चीवरून पाहून ते सांगता येत नाही.

तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं ते एडिटिंगचं वाक्य, हे पत्र वाचताना जाणवतं. ते तुम्ही अवतरणात दिलंय, शब्दन् शब्द. मी असते तर मलाही राग आला असता. आपला गळा अजून भरलेला, आणि शेजारचा माणूस कात्रीची भाषा बोलतो! पण याच वाक्यावरून मला भवभूतीचं 'उत्तररामचरित' आठवलं. त्याच्या पहिल्या अंकात राम, सीता आणि लक्ष्मण स्वतःच्याच आयुष्यावर काढलेली चित्रं बघत असतात. आठव्या शतकातल्या नाटकातला हा प्रसंग आहे, पण वागणं अगदी आपल्यासारखं आहे. लक्ष्मण एकेक चित्र दाखवत जातो. मिथिला होते, लग्न होतं, अयोध्या येते. मग तो म्हणतो, ही मंथरा. राम काही बोलत नाही. तो घाईने पुढच्या चित्राकडे वळतो आणि सीतेला म्हणतो, हे बघ, हाच तो इंगुदीचा वृक्ष. वनवास जिच्या वरामुळे घडला त्या कैकेयीचं सगळं प्रकरण त्याने एका झाडाआड ढकललेलं असतं. लक्ष्मणाच्या ते लक्षात येतं. तो स्वतःशीच हसून म्हणतो की दादाने मधल्या आईची गोष्ट गाळली. पण हे तो मनातल्या मनात म्हणतो. रामाला अडवत नाही, "तू विषय का बदललास" असं विचारत नाही. पुढचं चित्र दाखवतो.

एडिटिंगवरचं वाक्य हे असं इंगुदीचं झाड असू शकतं. काहीतरी बोलायला तर हवं, गाडीत बायको रडते आहे, आणि जे बोलायचं ते तोंडातून निघत नाही. मग जे हाताशी असतं ते माणूस बोलतो. कोणी पार्किंगच्या गर्दीवर बोलतो, कोणी एसी फार होता म्हणतो. तुमच्या नवऱ्याला चित्रपटांत थोडीफार गती असावी, म्हणून त्यांच्या हाताला एडिटिंग लागलं. शिवाय, रागावू नका, पण कुठली पंधरा मिनिटं कापावीत असं त्यांना वाटलं, हे तुम्ही विचारलंत का? मुलगा बापाला आंघोळ घालतो तो लांबलचक प्रसंग असेल, तर ती तक्रार तांत्रिक नसेलही.

त्याच अंकात पुढे गंमत आहे. शूर्पणखेच्या चित्रापाशी सीता घाबरते, पुन्हा ताटातूट होणार या कल्पनेने तिचा धीर सुटतो. तेव्हा राम तिला समजावतो, अगं, हे चित्र आहे. आणि हे म्हणणारा राम पुढच्या काही चित्रांत स्वतःच रडतो. लक्ष्मण त्याला जे म्हणतो ते एखाद्या डॉक्टरने टिपावं तसं आहे: आवेग तू कितीही आवरलास तरी थरथरणाऱ्या ओठांवरून आणि नाकपुड्यांवरून इतरांना तो कळतोच. ग्रॉस आणि लेव्हन्सन यांच्या आधी बाराएकशे वर्षं! शेवटी राम म्हणतो, थांब, थांब, यापुढचं मला सोसवणार नाही. आणि चित्रं बघणं तिथेच थांबतं. कोणी त्याला म्हणत नाही की पूर्ण बघ, म्हणजे मोकळा होशील.

तुमच्या बेतावरचा माझा आक्षेप इथून सुरू होतो. चित्रपट बघून मन मोकळं होतं, हे खरं आहे, पण प्रत्येकाचं आणि प्रत्येक वेळी नाही. काश्मीरच्या अभिनवगुप्ताने इसवी सन 1000च्या आगेमागे नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, तिच्यात रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला असणं. पडद्यावरच्या दुःखाचा करुण रस व्हायला ते दुःख थोडं परकं, थोडं सगळ्यांचं असावं लागतं. ज्याचं स्वतःचं दुःख अजून ओलं आहे, त्याला दिसतो तो फक्त आपला बाप. त्याच्यासाठी तो चित्रपट उरतच नाही. तुम्ही मोकळेपणी रडू शकलात, कारण तो म्हातारा तुमचा बाप नव्हता. हे कमीपणाचं नाही, कलेची सोयच ती आहे. पण जी सोय तुम्हाला मिळाली, ती त्यांना मिळाली नसेल.

आता अशा माणसाला वडिलांच्या स्मृतिदिनी, भावंडांच्या मधोमध बसवून तोच चित्रपट लावायचा. सगळ्यांच्या नजरा अधूनमधून त्यांच्याकडे वळणार, कारण हा खटाटोप कशासाठी चाललाय हे दिराला ठाऊक आहे. अशा वेळी ते रडले तर त्यांना पकडल्यासारखं वाटेल. नाही रडले तर तुमचा निष्कर्ष कुटुंबासमक्ष पक्का होईल. दोन्हीकडून नुकसान त्यांचंच.

तिसरीही एक शक्यता आहे आणि ती मी लपवणार नाही. कदाचित त्यांनी काही दाबलं नसेल, विषयही बदलला नसेल. त्यांना खरंच तो चित्रपट लांबलेला वाटला असेल, बस्स. काही माणसं गोष्टींत शिरत नाहीत. ती गाण्याच्या एका तानेने हलतात, क्रिकेटच्या मॅचने हलतात, नाहीतर जुनं घर पाडताना बघून. काही कशानेच चारचौघांत हलत नाहीत, आणि तरीही आजारी माणसापाशी रात्र रात्र जागतात. उलट पडद्यावर कुत्रं मेलं की ढसाढसा रडणारे आणि घरच्यांशी कोरडेपणाने वागणारे लोक तुम्हीही पाहिले असतील. "माझ्यासाठी काही वाटेल का" या प्रश्नाचं उत्तर शोधायला चित्रपट ही चुकीची जागा आहे. तुम्ही शेवटच्या आजारी होतात तेव्हा काय घडलं, ते आठवा. तिथे उत्तर "नाही" असं आलं, तर मला पुन्हा लिहा. ते पत्र वेगळं असेल आणि माझं उत्तरही.

आता तुमच्याविषयी.

"पिक्चर बघून मी हलकी झाले, आणि याने स्वतःला त्यापासून वंचित ठेवलं," असं तुम्ही लिहिलंय. रडल्याने हलकं वाटतं हे आपण सगळेच म्हणतो, पण ते लगेच होत नाही. 2015 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यात साठ जणांना दोन अतिशय रडवणाऱ्या चित्रपटांपैकी एक दाखवून त्यांच्या मनःस्थितीची नोंद घेतली. जे रडले त्यांचं मन चित्रपट संपताक्षणी आधीपेक्षा खाली गेलं होतं. वीस मिनिटांत ते मूळ जागी आलं, आणि दीड तासाने आधीपेक्षाही बरं झालं. न रडणाऱ्यांत फारसा फरक पडला नाही. म्हणजे एडिटिंगचं वाक्य तुमच्या कानावर पडलं ते बरोबर तळाच्या क्षणी. त्या वेळी नवऱ्याने अगदी "गाडीचा दरवाजा नीट लाव" म्हटलं असतं तरी ते निर्दयपणाचं वाटलं असतं. असा चित्रपट बघून निघाल्यावर पहिला अर्धा तास कोणाविषयी काही ठरवू नये, हे मी सगळ्याच वाचकांना सांगेन. घरी चालत जाता येत असेल तर चालत जावं.

आणि तो फोन. सबंध पत्रात नवऱ्याच्या चेहऱ्यावर दोन पानं आहेत, आईवर एक वाक्य. तुम्ही इतक्या रडलात ते फक्त पडद्यावरच्या म्हाताऱ्यासाठी, की आणखी कोणासाठी? आईला फोन करावासा वाटला, रिंग गेली, आणि तुम्ही कट केला. मला वाटतं, त्या क्षणी तुम्हीही विषय बदललात. तिला काय सांगणार होतात? तिची आठवण कमी होऊ लागली आहे का, की काही जुनं बोलायचं राहिलंय? मला माहीत नाही, आणि तुम्ही सांगायलाच हवं असंही नाही. पण नवऱ्याच्या न रडण्यावर इतकं बारकाईने लिहिणं, हे तुमच्यासाठी थोडंफार एडिटिंगवर बोलण्यासारखं आहे का, एवढं तपासून बघा. फोन मात्र करा. त्यासाठी डोळे कोरडे असण्याची वाट बघू नका आणि भरून येण्याचीही नाही.

नवऱ्याशी बोलायचंच असेल तर कसं? समोरासमोर बसून "तुला काय वाटलं सांग" हा प्रश्न नको, तो परीक्षेसारखा वाटतो. बरेच लोक शेजारी शेजारी असताना बोलतात: गाडी चालवताना, भांडी विसळताना, कपाट आवरताना. चित्रपट मध्ये आणूच नका. एखादी नेमकी, छोटी गोष्ट विचारा. "बाबा शेवटी शेवटी तुला कोणत्या नावाने हाक मारायचे?" "त्यांचं घड्याळ कुठे ठेवलंस?" उत्तर एका शब्दात येईल कदाचित. मग गप्प राहा. आपण ती शांतता भरायला धावतो आणि तिथेच घात होतो. आणि तुम्हाला काय झालं ते तुम्ही जरूर सांगा, फक्त आरोपाशिवाय: "त्या दिवशी मला खूप एकटं वाटलं, तू हात धरला असतास तर बरं वाटलं असतं." हात धरायला रडावं लागत नाही. हे मागणं माणूस पुरं करू शकतो, "तू रड" हे मागणं करू शकत नाही.

हेच थोड्या फरकाने इतरांनाही लागू आहे. मला अशी पत्रं बरीच येतात: मित्राचं लग्न मोडलंय, त्याला अमुक चित्रपट दाखवू का? वहिनीचा गर्भ गेला, तिच्यासाठी ही मालिका शोधून ठेवलीय. हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्यावर गुदरलंय त्याला गोष्टीचा विषय आधी सांगा, आणि नुसता विषय नाही, शेवटही सांगा. रहस्यभंगाची फिकीर करू नका. बाप मरतो की नाही हे ठाऊक असलेला माणूस निदान खुर्ची घट्ट धरून बसू शकतो. शक्य असेल तर घरी बघा, म्हणजे मधेच उठता येतं, आणि "उठलास तरी चालेल" हे आधीच बोलून टाका. त्याने नाही म्हटलं तर पुन्हा आग्रह नको, सहा महिन्यांनी तोच विचारेल किंवा विचारणार नाही. आणि खरं सांगू का, पुष्कळदा अशा माणसाला एखादा फुसका विनोदी चित्रपट जास्त उपयोगी पडतो. त्यात स्वतःला शोधावं लागत नाही.

काळजी कधी करायची, तेही सांगते. न रडण्याची काळजी करू नका. वडील जाऊन वर्ष होत आलं तरी त्यांची झोप उडालेली असेल, कामात लक्ष नसेल, दारू वाढली असेल, पूर्वी आवडणाऱ्या कशातच रस उरला नसेल, चिडचिड सतत होत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तोंडी येत असेल, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. जगण्याविषयीचं बोलणं असेल तर त्याच दिवशी. यातलं काही तुमच्या पत्रात दिसलं नाही.

राहिला दीर. बेत का बदलला असं त्याने विचारलं तर नवऱ्याच्या मनःस्थितीचं विश्लेषण त्याला ऐकवू नका. "मला वाटलं, अजून लवकर आहे," एवढं सांगा. हवं तर जुने फोटो काढून ठेवायला सांगा त्याला, तेही टेबलावर नुसते पडलेले असू देत. ज्याला उचलायचे तो उचलेल.